वनभोजनाची जागा

दादाच्या घरी फ्रीजवर वहिनीने एक यादी चिकटवली होती. मी सहा आठवडे राहणार होते, म्हणून सहा रविवार आणि प्रत्येक रविवारापुढे एक नाव: हँगिंग रॉक, मॅसिडनचा डोंगर, माम्सबरीचा पूल, ट्रेंटमचा धबधबा, हेपबर्नचे झरे. सहाव्या रविवारपुढे लिहिलं होतं, 'आत्या म्हणेल तिथे'.

गावाचं नाव काइन्टन. मेलबर्नच्या वायव्येला सुमारे ८५ किलोमीटरवर, बेंडिगोच्या रेल्वेमार्गावर. धड शहर नाही, धड खेडं नाही. मुख्य रस्त्यावर कॉफीची दुकानं आणि जुन्या बँकांच्या दगडी इमारती. दोन गल्ल्या ओलांडल्या की तारेचं कुंपण आणि मेंढ्या. इथल्या दगडाला ब्ल्यूस्टोन म्हणतात. तो आपल्या काळ्या पाषाणाचाच भाऊ, बेसॉल्ट. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मला उगीचच ओळखीचं वाटलं. अशा गावात रविवारी डबे भरून बाहेर पडणं हा सगळ्यांचाच रिवाज. वहिनीने तो पंधरा वर्षांत पूर्ण आपलासा केला होता. सार्वजनिक बागेतल्या विजेच्या शेगडीवर आधी फॉइल पसरायची आणि मगच कणसं ठेवायची, कारण आपल्या आधी त्यावर कोणी काय भाजलं असेल सांगता येत नाही, हेही तिचं ठरलेलं.

मी मात्र थोडं कामही बरोबर घेऊन गेले होते. एका संकलनासाठी जोन लिंडसेच्या 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' या १९६७च्या कादंबरीतली काही पानं मराठीत आणायची होती. अडले होते ती पहिल्याच शब्दाशी. पिकनिकला मराठीत काय म्हणावं? सहल म्हटलं तर त्यात शाळेची बस येते. वनभोजन म्हटलं तर आवळीच्या झाडाखालची पंगत दिसते. मी इंदूरची, आमच्याकडे माळव्यात दाल-बाफल्यांची 'गोठ' होते. एम.ए.ला कोलकात्यात होते तेव्हा बंगाली मैत्रिणींकडून 'चोडुईभाती' शिकले. चिमण्यांचा भात, आपल्या भातुकलीची सख्खी बहीण. खुद्द फ्रेंचमधला 'पिक-निक' सुरुवातीला घराबाहेरचा नव्हताच. ज्याने त्याने आपला वाटा आणायचा, असं ते जेवण. घर सोडून गवतावर जाऊन बसायची कल्पना त्याला पुढे इंग्रजीत चिकटली.

पहिल्या रविवारी हँगिंग रॉकला गेलो. सपाट माळावर एकदम शंभरेक मीटर उठलेला दगडांचा गठ्ठा. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून दाट लाव्हा वर आला, जागीच थिजला आणि पुढे पावसापाण्याने त्याचे उभे सुळके झाले. वर चढताना पुढच्या वळणावरून हाक आली, "मिरांडाऽऽ!" मागून हसू. मग दुसरी हाक. कादंबरीत १९०० सालच्या व्हॅलेंटाइन दिनाला एका मुलींच्या शाळेची पिकनिक इथे येते; तीन विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका सुळक्यांमध्ये नाहीशा होतात, आणि त्यांतली एकच पुढे सापडते. मिरांडा सापडत नाही. पीटर वीअरने १९७५मध्ये त्यावर सिनेमा केला आणि तेव्हापासून इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी तिला हाक मारतो. मीही मारली. चांगली लांब.

"आत्या, ती गोष्टीतली आहे," माझी अकरा वर्षांची भाची म्हणाली.

"माहीत आहे गं. सगळेच हाक मारतात."

"हो, पण इथे खरे लोकपण होते ना? त्यांची नावं येतात का तुला?"

मला येत नव्हती. मी एका मोठ्या खडकावर बसून पाणी प्यायले. उरलेले रविवार, आणि मधले दिवस गावच्या वाचनालयात, हा प्रश्न माझ्याबरोबर राहिला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

*

आधी नावांपासूनच सुरू करते. सप्टेंबर १८३६मध्ये सर्वेक्षक मेजर थॉमस मिचेल या भागातून गेला. एका डोंगरावर चढल्यावर त्याला दूर दक्षिणेला पोर्ट फिलिपचा उपसागर दिसला. फिलिप म्हटल्यावर त्याला सिकंदराचा बाप आठवला आणि डोंगराचं नाव पडलं मॅसिडन. उत्तरेकडचा डोंगर झाला माउंट अलेक्झांडर. काइन्टनमधून वाहणाऱ्या नदीला त्याने सिकंदराच्या प्रेयसीचं नाव दिलं, कॅम्पॅस्पी. आठ वर्षांनी, १८४४मध्ये, रॉबर्ट हॉडल मोजणीला आला आणि त्याने तोच खेळ पुढे चालवला. सुळक्यांच्या त्या टेकडीला त्याने डायोजेनिसचं नाव दिलं. पुढे शेजारी मेंढ्या पाळणाऱ्या ड्रायडनच्या नावावरून लोक तिला ड्रायडनचा खडक म्हणू लागले आणि शेवटी हँगिंग रॉक.

भाषांतर करणाऱ्या माणसाला हे सारं मजेदार वाटतं. एका माणसाने शाळेत शिकलेला ग्रीक इतिहास उघड्या माळावर अंथरला. पण ज्या गोष्टीसाठी डायोजेनिस प्रसिद्ध आहे ती हॉडलला आठवली असेल का? काय हवं ते माग, असं सिकंदर त्याला म्हणाला, तेव्हा त्याने एवढंच मागितलं की बाजूला हो, माझ्यावर ऊन येऊ दे.

ऊन अडलेले लोक तिथे होतेच. कॅम्पॅस्पीच्या पश्चिमेला जा जा वुरुंग, पूर्वेला ताउंगुरुंग, दक्षिणेला वुरुंजेरी. तिघेही कुलिन समूहातले. आपल्या 'कुलीन'शी या शब्दाचं नातं नाही. त्यांच्या भाषांत त्याचा अर्थ फक्त 'माणसं' असा आहे. हँगिंग रॉक या तिघांच्या सीमा जवळ येतात अशा जागी उभा आहे. त्याचं जुनं नाव पूर्ण पुसलं गेलं नाही. १८५०च्या दशकात ब्लांडोव्स्की या निसर्ग-अभ्यासकाने केलेल्या मोहिमेतल्या एका चित्राखाली ते 'ॲनियेलाँग' असं लिहिलेलं आहे. आज काही जण 'नॅनेलाँग' म्हणतात. एका अनोळखी कानाने ऐकलं, अनोळखी लिपीत उतरवलं, पुढच्या कोणी वेगळं वाचलं. मूळ उच्चार या दोन लेखनांच्या मध्ये कुठेतरी आहे. मॅसिडनची मात्र एक वेलांटीही कधी चुकली नाही, कारण ते नाव नकाशे काढणाऱ्यांच्याच भाषेतलं होतं.

मिचेलच्या गाड्यांनी जमिनीवर चाकोऱ्या पाडल्या होत्या. १८३७पासून त्याच चाकोऱ्यांवरून मेंढ्यांचे कळप आले. मेंढ्यांनी पहिल्यांदा खाल्ली ती कंदांची रोपं. पिवळ्या फुलांचा मरनाँग नावाचा एक कंद इथल्या बायका काठीने उकरून काढत. तो कुलिन लोकांचं रोजचं अन्न होता. काही वर्षांत तो कुरणांवरून जवळजवळ दिसेनासा झाला. भुकेल्या माणसांनी मेंढ्या नेल्या, मेंढपाळांशी मारामाऱ्या झाल्या आणि १८३८-३९मध्ये कॅम्पॅस्पीच्या काठी घोडेस्वारांनी बंदुका घेऊन लोकांचा पाठलाग केला, त्यांना मारलं. मूळ रहिवाशांचा संरक्षक म्हणून नेमलेल्या एडवर्ड स्टोन पार्करने याविषयी सरकारला लिहिलं. त्याने १८४१मध्ये डेल्सफर्डच्या उत्तरेला फ्रँकलिनफर्ड इथे एक वसाहत उभी केली. १८४९ संपता संपता सरकारने संरक्षकांचं ते खातंच बंद केलं. १८६३मध्ये मेलबर्नच्या पूर्वेला, पार पलीकडच्या बाजूला, कोरँडर्क ही वसाहत सुरू झाली आणि वुरुंजेरी, ताउंगुरुंग तिथे गेले. फ्रँकलिनफर्डजवळ उरलेल्यांनाही नंतर तिकडेच नेलं.

काइन्टनच्या नदीकाठच्या बागेत मरनाँगबद्दल वाचत बसले होते. समोर हिरवळीवर एका मुलाचा वाढदिवस चालला होता. टेबलावर केक, झाडाला फुगे. कोणाचा काही दोष नव्हता.

*

पिकनिकलाही इतिहास आहे, आणि त्यात सुंदर गोष्टीही आहेत. त्या सांगितल्या नाहीत तर हे लिखाण खोटं होईल.

१८५१मध्ये माउंट अलेक्झांडर आणि बेंडिगो इथे सोनं सापडलं. हजारो माणसं मेलबर्नहून याच वाटेने चालत निघाली. वाटेत ब्लॅक फॉरेस्ट नावाचं दाट जंगल लागे. ते जिथे संपे तिथलं गाव वुडेंड, म्हणजे शब्दशः 'रान सरलं'. मग रेल्वे आली: १८६१मध्ये वुडेंडपर्यंत, १८६२मध्ये काइन्टन आणि पुढे बेंडिगोपर्यंत. माम्सबरीचा तो काळ्या दगडाचा कमानींचा पूल याच कामातला. आम्ही तिसऱ्या रविवारी त्याच्या खाली, तळ्याकाठी बसून थालीपीठं खाल्ली. वरून गाडी गेली आणि भाचीने डबे मोजले.

रेल्वेच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. २१ एप्रिल १८५६ला मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ आपले. सगळ्या धंद्यांना, बायकांना, शेतमजुरांना तो हक्क मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण कामगाराचाही काही वेळ त्याचा स्वतःचा असतो, हा विचार या वसाहतीत लवकर रुजला. हातात सुट्टी आणि स्टेशनवर गाडी, दोन्ही आल्यावर घरची मंडळी टोपल्या घेऊन हँगिंग रॉककडे निघाली. १८८०च्या दशकात सरकारने ती जागा सार्वजनिक करमणुकीसाठी घेतली. पायथ्याशी घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या; नववर्षदिनाची तिथली शर्यत आजही प्रसिद्ध आहे. श्रीमंतांनी मॅसिडनच्या उतारावर उन्हाळी बंगले आणि इंग्लिश बागा केल्या. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणांचाच हा चुलतभाऊ.

म्हणजे गवतावर चादर अंथरायला एक कायदा, एक रेल्वे आणि एक संप लागला. मला हे फार मोलाचं वाटतं. माझे आजोबा इंदूरच्या कापड गिरणीत होते. त्यांनी आजीला घेऊन कुठे गोठ केल्याचं घरात कोणाला आठवत नाही.

पण चादर अंथरायला आणखी एक गोष्ट लागली: रिकामी जागा. कोरँडर्क १८६३. वुडेंडची रेल्वे १८६१. ही दोन सालं इतकी जवळ आहेत की वहीत ती आपोआप एकाखाली एक आली.

चित्रांमध्ये हा रिकामेपणा स्पष्ट दिसतो. विल्यम फोर्डचं १८७५चं 'ॲट द हँगिंग रॉक' मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. झाडांमधून सुळके आणि खाली नटूनथटून आलेली मंडळी, जणू ही त्यांचीच पिढीजात बाग. याच कलादालनाचे संचालक डॅरिल लिंडसे हे जोनचे पती. फ्रेडरिक मॅककबिनने 'द पायोनिअर' हे तीन भागांचं चित्र १९०४मध्ये मॅसिडनच्या आपल्या घराजवळ रंगवलं. पहिल्या भागात जंगलात आलेलं जोडपं, दुसऱ्यात मूल आणि खोपटं, तिसऱ्यात कबर आणि मागे दूरवर शहर. चित्र हलवून सोडतं. वस्ती करणाऱ्यांच्या आधीचं असं त्यात फक्त जंगल आहे.

*

पाचव्या रविवारी हेपबर्नच्या झऱ्यांवर गेलो. सोन्याच्या खाणींपासून हे खनिज पाण्याचे झरे वाचावेत म्हणून गावकऱ्यांनी १८६५मध्ये ती जागा राखून घेतली होती. हातपंपातून बुडबुड्यांचं लोखंडी चवीचं पाणी येतं. दादाने दोन बाटल्या भरल्या, बाकी कोणाला आवडलं नाही. येताना डेल्सफर्डच्या स्मशानभूमीजवळ थांबलो. ३० जून १८६७ला या गावातली सहा, पाच आणि चार वर्षांची तीन मुलं खेळत घराबाहेर पडली आणि ऐन हिवाळ्यात रानात हरवली. खाणीची कामं टाकून माणसं शोधायला निघाली. सप्टेंबरमध्ये त्यांचे अवशेष सापडले. पोकळ झाडाच्या खोडात ती आडोशाला गेली होती. लोकांनी वर्गणी काढून स्मारक उभारलं.

ऑस्ट्रेलियन साहित्यात आणि चित्रांत हरवलेलं मूल पुन्हा पुन्हा येतं. मॅककबिनने तर त्यावर दोनदा चित्र काढलं. आपण उपरे आहोत आणि हे रान आपल्याला गिळेल ही भीती त्यात आहे, असं अभ्यासक म्हणतात. लिंडसेच्या कादंबरीतल्या मुली याच परंपरेतल्या. गोष्ट खरी की काल्पनिक हे तिने प्रस्तावनेतच वाचकांवर सोडलं. कादंबरीतला १४ फेब्रुवारी १९०० शनिवार आहे, प्रत्यक्षात तो बुधवार होता. तरी लोक जुनी वर्तमानपत्रं चाळत राहिले. तिच्या मृत्यूनंतर, १९८७मध्ये, गाळलेलं शेवटचं प्रकरण छापलं गेलं, तेव्हाही हाका थांबल्या नाहीत.

डेल्सफर्डच्या मुलांनंतर दोनच वर्षांनी, १८६९मध्ये, व्हिक्टोरियात एक कायदा झाला. मूळ रहिवाशांनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं आणि त्यांची मुलं कोणाच्या ताब्यात असतील हे ठरवायचा अधिकार त्याने सरकारला दिला. इतर वसाहतींनीही पुढे असेच कायदे केले. त्यातून पिढ्यानपिढ्या मुलं आईबापांपासून तोडली गेली. ती रानात हरवली नव्हती. कोणी कुठे नेली याची कागदपत्रं होती. १९९७च्या राष्ट्रीय चौकशीच्या अहवालाने ही हकीकत देशापुढे ठेवली आणि १३ फेब्रुवारी २००८ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. मिरांडाच्या तारखेच्या आदल्या दिवशी. हा निव्वळ योगायोग आहे, पण एकदा लक्षात आल्यावर मला तो विसरता येईना.

२०१७मध्ये एमी स्पायर्स या कलावतीने हँगिंग रॉकवर एक मोहीमच काढली: मिरांडाने आता इथून जावं. कधीच नसलेल्या मुलींसाठी एवढा शोक आणि असलेल्यांसाठी हाकही नाही, हा तिचा मुद्दा. बरेच लोक चिडले. एक चांगली कादंबरी, एक चांगला सिनेमा, त्याने कोणाचं काय बिघडवलं? मलाही आधी तसंच वाटलं, कारण मी त्याच कादंबरीचं भाषांतर करत होते आणि ती मला आवडत होती. अजूनही आवडते.

मग मला मुळशी आठवलं. लहानपणी पुण्याला मामाकडे गेलो की एक दिवस मुळशीच्या तलावावर ठरलेला असे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, पाण्यात दगड. त्या पाण्याखाली गावं आहेत, १९२१मध्ये सेनापती बापट आणि मावळ्यांनी त्यासाठी सत्याग्रह केला, हे मला कॉलेजात कळलं. तोवर मी कितीदा तरी 'काय शांत जागा आहे' म्हटलं होतं. मुळशी आणि मॅसिडन एक नव्हे. अन्यायांची अशी बेरीज करता येत नाही. सहलीला गेलेल्या माणसाला शांतता आयती मिळते, एवढंच दोन्हीकडे सारखं.

*

सहाव्या रविवारी मी म्हटलं, पुन्हा हँगिंग रॉक. त्या दिवशी उन्हामुळे सगळीकडे आगबंदी होती, म्हणून वहिनीने घरूनच दहीभात आणि पराठे घेतले. १६ फेब्रुवारी १९८३च्या वणव्यात मॅसिडनवरची घरं जळून गेली होती. त्या आठवणीमुळे इथे आगबंदीची चेष्टा कोणी करत नाही. झाडाखाली बसल्यावर वहिनीने सवयीने एक घास पानावर काढून बाजूला ठेवला. तिच्या माहेरी वनभोजनाला वनदेवतेचा घास काढतात.

"मम्मी, नाही ठेवायचं. इथल्या प्राण्यांना आपलं खाणं घालायचं नाही, असा नियम आहे," भाची म्हणाली. वहिनीने घास उचलून डब्याच्या झाकणात ठेवला.

कुलिन लोकांत तांडेरम नावाचा विधी आहे. बाहेरून कोणी आलं तर यजमान त्याला झाडाची पानं आणि पाणी देतात आणि या भूमीवर राहण्याची, इथलं खाण्यापिण्याची मोकळीक देतात. पाहुण्याने आधी विचारायचं असतं. मिचेलने विचारलं नव्हतं. वनदेवतेचा घास काढणाऱ्या आपल्या आज्या तरी विचारत होत्या का, की नुसतं कळवत होत्या, कोण जाणे.

भाचीच्या शाळेत दर सभेच्या आधी एक परिच्छेद म्हणतात: ही जमीन कोणाची, त्यांच्या पूर्वजांना आमचा आदर. मी तिला तो म्हणायला लावला. तिने इंग्रजीत एका दमात म्हटला, आपण जेवणाआधीचा श्लोक म्हणतो तसा, अर्थाकडे न बघता. मात्र तिन्ही नावं न अडखळता घेतली. जा जा वुरुंग, ताउंगुरुंग, वुरुंजेरी. मग मला तिच्यामागून म्हणायला लावली. दुसऱ्या नावातला नाकातला उच्चार मला तीनदा करूनही जमला नाही, आणि तिने तो सोडून दिला नाही.

वरच्या बाजूने कोणीतरी मिरांडाला हाक मारली. दादाने वर पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही जेवत राहिलो.

परत आल्यावर भाषांतर पूर्ण केलं. शीर्षकात 'वनभोजन' घेतलं नाही, पिकनिकच ठेवलं. वनभोजनात वनाकडे मागण्याचा निदान एक घास तरी आहे. त्या १९०० सालच्या मंडळींच्या टोपलीत तो नव्हता. पानांआधी अर्ध्या पानाचं टिपण जोडलं. त्यात त्या टेकडीची चार नावं लिहिली आणि सगळ्यात जुनं पहिलं लिहिलं, आपल्यापर्यंत ते वाकडंतिकडं होऊनच पोचलं आहे या कबुलीसह.